हमिंगचे वय

हिंदी सिनेमात जुना काळ दाखवायचा असला की दिग्दर्शक दोन गोष्टी हमखास करतो. चित्राला पिवळसर रंग देतो आणि कोपऱ्यातल्या लाकडी रेडिओतून बातम्या ऐकवताना त्या आवाजाखाली एक ‘घूंऽऽ’ घालतो. प्रेक्षकांना लगेच कळते, की ही १९४७ सालची किंवा १९५२ सालची गोष्ट आहे. आता आपल्या कानांना सवयच झाली आहे. घूं म्हणजे जुना काळ आणि स्वच्छ आवाज म्हणजे आजचा काळ, असे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे.

हे समीकरण चुकीचे आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या या आवाजाला मेकॅनिक लोक ‘हमिंग’ म्हणतात. त्यालाही वय असते. काही हमिंग रेडिओच्या जन्माबरोबर आले, काही मधल्या वर्षांत साचले, काही कालपरवाचे आहे. जुना संच दुरुस्त करणाऱ्याचे पहिले काम हे वय ओळखण्याचे असते. गेले तीन महिने माझ्या टेबलावर असा एक संच उघडा पडला आहे. त्याच्या निमित्ताने थोडा इतिहास आणि थोडी दुरुस्ती, दोन्ही सांगतो.

सुरुवात अगदी मुळापासून करू. १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे टोक, म्हणजे ग्रिड, घातले. या तिसऱ्या टोकामुळे क्षीण आवाज मोठा करता येऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइन ही रचना मांडली. आपल्या घरांत पुढे जे रेडिओ आले ते जवळपास सगळे याच रचनेचे.

या सुरुवातीच्या रेडिओत हमिंग नव्हते, कारण ते बॅटरीवर चालत. व्हॉल्व्हची तार तापवायला एक बॅटरी, प्लेटला उच्च दाब द्यायला दुसरी आणि ग्रिडसाठी तिसरी. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने, संथ वाहतो. त्यात चढउतार नाही, म्हणून घूं नाही. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबने हौशी प्रसारण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तेव्हा वर्षाला १० रुपये लायसन्स फी भरून ऐकणारे जे थोडे लोक होते, त्यांतल्या बॅटरीवाल्यांच्या कानावर आजच्या सिनेमातले हमिंग पडलेच नसेल. वातावरणातली खरखर असेल, स्टेशन हलत असेल, शिट्टी वाजत असेल. घूं मात्र नाही.

हीच गोष्ट खेड्यांची. वीज येण्याआधी खेड्यांतले सार्वजनिक संच बॅटरीवर चालत. पुढे ट्रान्झिस्टर आला, तोही सेलवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी बातम्या, भजने, नाट्यपदे, शेतीचे कार्यक्रम हे सगळे हमिंगशिवाय ऐकले. त्यांच्या आठवणीत घूं असेल तर ती बहुधा सिनेमानेच नंतर घातलेली आहे.

मग हमिंग आले कुठून? उत्तर सोपे आहे. ते भिंतीतल्या विजेतून आले.

आपल्या घरातली वीज एका सेकंदात ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते. यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. अमेरिकेत हाच आकडा ६० आहे. ५० हर्ट्झ हा कानाला ऐकू येणारा सूर आहे, खूप खालचा, खर्जातला. रेडिओच्या कामात ही वीज कुठूनही शिरली की स्पीकर तो सूर वाजवू लागतो. कुठलेही स्टेशन लावा, त्याच्या जोडीला वीज कंपनीचे स्टेशन वाजतच राहते.

बॅटऱ्या महाग होत्या, त्यांतले आम्ल गालिच्यावर सांडत असे आणि त्या वरचेवर चार्ज करून आणाव्या लागत. म्हणून रेडिओ भिंतीतल्या विजेवर चालवायची धडपड १९२० च्या दशकात जगभर सुरू झाली. कॅनडात टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये बॅटरीविना चालणारा संच बाजारात आणला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीचे २२६ आणि २२७ क्रमांकाचे व्हॉल्व्ह आले. या दोघांत हमिंगविरुद्धच्या लढाईचे दोन डावपेच दिसतात.

व्हॉल्व्हमधली तार हेलकावे घेणाऱ्या विजेवर तापवली की तिचे तापमानही किंचित खालीवर होते आणि तिच्या दोन टोकांमधला दाबही हलत राहतो. तो हेलकावा सरळ आवाजात उतरतो. २२६ मध्ये उपाय असा केला, की तार जाड ठेवली आणि तिला फक्त दीड व्होल्ट दिले. जाड तार चटकन थंड होत नाही, आणि दाब कमी म्हणून हेलकावाही लहान. पण डिटेक्टरच्या नाजूक जागी एवढे पुरेना. तिथे २२७ वापरला. त्यात तापणारी तार वेगळी आणि इलेक्ट्रॉन सोडणारी नळी, म्हणजे कॅथोड, वेगळी. तार आतून फक्त शेगडीचे काम करते. नळी हळूहळू तापते आणि एकसारखी तापलेली राहते. विजेचा हेलकावा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. डायलवरचा दिवा लागे, आपण वाट पाहायची आणि अर्ध्या मिनिटाने आवाज दुरून चालत आल्यासारखा मोठा होत जाई. ती वाट पाहणे याच नळीमुळे होते. हमिंग घालवण्याची ती किंमत होती. बॅटरीचे संच तार लाल होताच बोलत. विजेवरच्या संचाने मात्र आपल्याला थांबायला शिकवले.

दुसरा रस्ता उच्च दाबाच्या पुरवठ्याचा. प्लेटला साधारण २५० व्होल्टचा एकाच दिशेचा दाब लागतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह विजेला एका दिशेचे करतो, पण सपाट करत नाही. तिच्यात उंचवटे राहतात. दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या तर सेकंदाला १०० उंचवटे, एकच वापरली तर ५०. हे उंचवटे सपाट करायचे काम कंडेन्सर करतात. ते विजेचे रांजणच. नळ थांबत थांबत आला तरी रांजणातून पाणी सारखे मिळते, तसे.

पण एवढा मोठा साठा करणारा कंडेन्सर लहान डबीत मावणार कसा? पोलंडच्या कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे पेटंट मागितले होते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि तोच आडपडदा म्हणून वापरायचा. थर पातळ, म्हणून साठा मोठा. रेडिओने या कल्पनेला घरोघर पोचवले. शिवाय १९३० च्या दशकातल्या स्पीकरांत कायमचे चुंबक नसे. तारेच्या मोठ्या गुंडाळीतून वीज सोडून चुंबक तयार करत. इंजिनिअरांनी तीच गुंडाळी उंचवटे अडवायलाही वापरली आणि उरलेसुरले हमिंग मारायला स्पीकरमध्ये उलट दिशेची एक छोटी गुंडाळी जोडली. म्हणजे हमिंगच्या विरुद्ध तेवढेच उलटे हमिंग उभे करायचे, दोघे एकमेकांना खाऊन टाकतात.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चांगल्या संचातले हमिंग समोर बसलेल्याला जाणवणार नाही इतके खाली आले. हमिंगचा पहिला काळ अवघ्या दहाएक वर्षांचा आहे. विजेवरच्या रेडिओबरोबर ते आले आणि इंजिनिअरांनी ते घालवलेही. ८ जून १९३६ रोजी आपल्याकडच्या सरकारी प्रसारणाला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले, तोवर ही लढाई बहुतेक जिंकून झाली होती.

त्या संचांतून काय ऐकू येई तेही पाहू. लायनेल फील्डन यांच्यानंतर ऑल इंडिया रेडिओची सूत्रे ए. एस. बुखारी यांच्याकडे आली. हेच उर्दूतले विनोदी लेखक पतरस बुखारी. त्यांचे धाकटे भाऊ झेड. ए. बुखारीही रेडिओतच. मे १९४० मध्ये लंडनहून बीबीसीची हिंदुस्तानी सेवा सुरू झाली ती त्यांच्या हाताखाली. अभिनेते बलराज साहनी तिथे निवेदक होते आणि जॉर्ज ऑरवेल बीबीसीच्या भारतीय विभागात काम करत. दिल्ली केंद्रावर सआदत हसन मंटो नाटके लिहीत. टीकाकार चिडून बीबीसीचा अर्थ ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ असा लावत. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची स्वतःची पाच रेडिओ केंद्रे होती: म्हैसूर, बडोदा, त्रावणकोर, हैदराबाद आणि आपल्या मराठवाड्यातले औरंगाबाद. पुढे १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी मागे सारली गेली आणि देश रेडिओ सिलोनकडे वळला. तिथे डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींचे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाले. आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

बुखारींची उर्दू, सयानींची बोलकी हिंदुस्तानी, लतादीदींची गाणी हे सगळे लोकांनी आजच्या संग्रहांतल्या खरखरत्या प्रतींसारखे ऐकले, असे समजू नका. नव्या संचासमोर बसलेल्या माणसाला शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

आता टेबलावरच्या संचाकडे येतो. तो आमच्या अब्बांचा. सोलापुरात आमच्या घरी तो पावणेनऊच्या हिंदी बातम्यांना आणि बीबीसीच्या उर्दू सेवेला लागायचा. नंतर टीव्ही आला, रेडिओ कपाटावर गेला, अब्बाही गेले. आत पाच व्हॉल्व्ह आहेत: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि रेक्टिफायर ईझेड ८०. जोडीला तो हिरवा डोळा, जो स्टेशन नीट लागले की मिटायचा.

काम सुरू करताना माझा भाचा शेजारी होता. तो छोट्या फिल्म बनवतो. पहिल्यांदा संच लावला तेव्हा स्पीकरमधून जाड घूं आली आणि तिच्याखाली कुठेतरी माणसाचा आवाज.

“मामू, हे काढू नका,” तो म्हणाला. “हाच तर नानांच्या काळचा आवाज आहे.”

“नानांनी हा आवाज ऐकला असता तर दुसऱ्याच दिवशी संच मिस्त्रीकडे नेला असता,” मी म्हणालो.

“पण ऐकणाऱ्याला जुनं वाटलं पाहिजे ना?”

“जुनं वाटण्याशी मला काय करायचंय? ते कसं होतं ते मला ऐकायचंय.”

तो गप्प बसला, पण पटले नव्हते. म्हणून ठरवले, एकेक हमिंग काढताना त्याचे वय त्याला दाखवायचे.

ज्या उस्तादांकडे मी हे काम शिकलो त्यांचे दुकान विजापूर वेशीजवळ होते. त्यांचा एक नियम होता: पहले सुनो, फिर खोलो. हमिंगच्या बाबतीत हा नियम सोन्यासारखा आहे. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. घूं तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, म्हणजे पुरवठ्यात किंवा शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाली तर दोष आधीच्या टप्प्यात. मग सूर ओळखायचा. ५० हर्ट्झ मऊ आणि खोल असतो, लहान स्पीकरला तो नीट पेलतही नाही. १०० हर्ट्झ जास्त कडक, भुंग्यासारखा. आता मोबाइलमध्ये हे मोजता येते.

आमच्या संचात घूं शून्य व्हॉल्यूमवरही तशीच होती आणि सूर १०० चा होता. मी ईबीसी ८१ काढून पाहिला, तरी फरक नाही. (हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या संचात करावे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचात सगळ्या तारा एका माळेत असतात, एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात.) म्हणजे दोष पुरवठ्यात. मोठ्या कंडेन्सरवर हेलकावा मोजला तर ९ व्होल्ट. तिथे एक व्होल्टही असता कामा नये. रांजण आटला होता. कंडेन्सरमधला ओलावा वर्षानुवर्षे उडून जातो आणि न वापरता पडून राहिला तर तो पातळ ऑक्साइडचा थरही खराब होतो. या हमिंगचे वय म्हणजे रेडिओ कपाटावर गेला तेव्हापासूनची वर्षे. तो चालू होता तोवर ते नव्हते.

इथे एक मोह होतो. मोठा कंडेन्सर टाका, हमिंग आणखी कमी होईल, असे वाटते. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपर्यंतचाच चालतो. त्याहून मोठा दिला तर प्रत्येक उंचवट्याला रेक्टिफायरमधून प्रवाहाचा झटका जातो आणि तोच मरतो. मूळचाच आकडा ठेवला.

घूं पुष्कळ उतरली, पण गेली नाही. शेवटच्या ईएल ८४ च्या ग्रिडवर दाब शून्य हवा, तिथे चार व्होल्ट होते. कॅथोडवर साडेसातच्या आसपास हवेत, तिथे अकरा होते. आधीच्या टप्प्यातून आवाज आणणारा मेणकागदाचा कंडेन्सर गळत होता. त्यामुळे व्हॉल्व्ह हवी त्यापेक्षा जास्त वीज ओढत होता आणि पुरवठ्यावरचे ओझे वाढून उंचवटे पुन्हा मोठे होत होते. हा दोष ऐकणाऱ्याला हमिंग म्हणून कळतो, पण तसाच ठेवला तर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. कागद कालांतराने दमट होतो, तेव्हा हे हमिंगही मधल्या वर्षांचे.

आता शून्य व्हॉल्यूमवर शांतता होती. व्हॉल्यूम वाढवला की मात्र ५० चा मऊ सूर येई, आणि गंमत म्हणजे बटण मध्यावर असताना सर्वांत जास्त. हा खुणेचा दोष आहे. बटण मध्यावर असताना ग्रिडकडे जाणारी तार विजेचा सूर सर्वांत सहज पकडते. तार पाहिली. तिच्यावरचे जाळीचे आवरण चेसिसला जोडलेले नव्हते. व्हॉल्यूमचे बटणही बाकीच्या भागांपेक्षा नवे दिसत होते. कुणीतरी ते बदलले होते आणि आवरण जोडायचे राहिले होते. कधी? चेसिसच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, उर्दू अंकांत, तारीख लिहिलेली सापडली. साल १९७४. जुने मिस्त्री असे लिहून ठेवत. संच पुन्हा आला तर आधी काय केले होते ते कळावे म्हणून.

भाच्याने तो आकडा वाचायला लावला, मग मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला. “म्हणजे हे हमिंग १९७४ चं,” तो म्हणाला.

“आणि त्या आधीचं काहीच नाही,” मी म्हणालो.

तरी एक उरलेच. स्टेशन लागलेले नसताना शांतता, स्टेशन लागले की त्याच्या पाठीवर बसून घूं. मेकॅनिक याला मॉड्युलेशन हमिंग म्हणतात. हे शोधायला संच उघडावा लागला नाही. घरातली एकेक वस्तू बंद करत गेलो. टेबलाजवळचा मोबाइलचा चार्जर काढला आणि घूं गेली. अब्बांच्या काळात घरात दिवा, पंखा आणि इस्त्री होती. आज प्रत्येक एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर रेडिओच्या पट्ट्यांत काही ना काही ओकत असतो. हे हमिंग तर जेमतेम पाचसहा वर्षांचे, आणि ते रेडिओचे नव्हेच.

हिशेब मांडला तर चार हमिंग निघाले. एक न वापरण्यातून आले, एक कागदाच्या म्हातारपणातून, एक १९७४ च्या दुरुस्तीतून आणि एक आजच्या घरातून. मूळच्या काळातले एकही नाही. जी घूं ऐकून आम्ही ‘जुना काळ’ म्हणत होतो, ती सगळी त्या काळानंतरची निघाली.

इतिहास वाचताना मला हीच गोष्ट वारंवार आठवते. एखाद्या सुलतानाबद्दल, एखाद्या दर्ग्याबद्दल, एखाद्या गावाच्या नावाबद्दल आपण जे ‘पूर्वीपासून’ म्हणून ऐकतो, त्यातला बराच भाग पूर्वीचा नसतो. तो मधल्या वर्षांत साचलेला असतो. काही दुर्लक्षातून, काही कुणाच्या घाईच्या दुरुस्तीतून, आणि काही तर आजच्याच घरातल्या वस्तूंतून येतो. ऐकणाऱ्याला मात्र सगळे एकाच जुन्या आवाजासारखे वाटते. म्हणून कागद समोर आला की आधी विचारावे, हा आवाज केव्हाचा?

हमिंग सरसकट पुसूनही चालत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने ५० आणि १०० चा पट्टा कापला, तर त्याबरोबर तबल्याच्या डग्ग्याचा काही भागही जातो. शिवाय ही घूं कधी साक्षही देते. विजेच्या जाळ्यातला ५० चा आकडा क्षणोक्षणी किंचित हलत असतो, आणि ते हलणे संपूर्ण जाळ्यात एकसारखे असते. मुद्रणात मागे राहिलेली घूं वीज कंपनीच्या नोंदीशी ताडून, ते कधी झाले आणि मध्ये कापाकापी झाली का, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ तपासतात.

ज्यांच्या घरी असा संच पडून आहे त्यांना दोन शब्द. कुतूहलापोटी तो थेट प्लगमध्ये लावू नका. आटलेला कंडेन्सर फुटू शकतो. बल्ब लावलेल्या सिरीज बोर्डातून, जाणत्या माणसाच्या हाताने लावा. बंद केल्यावरही आत दाब साठून राहतो, तो उतरवल्याशिवाय बोट घालू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचाच्या चेसिसमध्येच वीज असू शकते. कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत वर्षानुवर्षे डी.सी. वीज होती, दोन्हींवर चालावेत म्हणून असे संच बनत. आणि काहीही बदलण्याआधी आतला फोटो काढा, तारीख किंवा सही आहे का पाहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्या गावात व्हॉल्व्हचे काम केलेला एखादा मिस्त्री अजून हयात असेल तर त्यांच्याकडे जा. आज ते सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात असतील. बहुतेकांनी कधी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे ज्ञान कानात आणि बोटांत आहे. त्यांच्यासमोर संच ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, “उस्ताद, ही घूं कुठून येतेय?” ते आधी ऐकतील, मग बोलतील. ते बोलतील तेवढे टिपून घ्या, आणि खाली तारीख घाला.